कुलपे उघडणारा गणिती : ॲलन ट्यूरिंग

संगणकशास्त्राच्या पहिल्याच तासाला ॲलन ट्यूरिंग हे नाव आपल्या कानावर पडते. ट्यूरिंग यंत्र, ट्यूरिंग चाचणी, ट्यूरिंग पारितोषिक हे शब्द परीक्षेपुरते पाठ होतात आणि माणूस मागे राहतो. यंदा आमच्या गटाच्या वाट्याला जो प्रकल्प आला त्यामुळे मला या माणसाचे चरित्र मुळापासून वाचण्याचा योग आला. ते वाचून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

प्रकल्प असा होता. महाविद्यालयातील विद्यार्थी-विद्यार्थिनींची नावे, पत्ते आणि मोबाइल क्रमांक यांची यादी संगणकावर अशी ठेवायची की कोणी संगणक उघडला तरी यादी वाचता येऊ नये. काम लहान, पण जोखीम लहान नव्हे. खानापूर, लोंढा, नागरगाळीहून शिकायला येणाऱ्या एखाद्या मुलीचा क्रमांक भलत्याच्या हाती पडला तर रात्री-अपरात्री फोन वाजू लागतात, आणि घरचे लोक फोन करणाऱ्याला धरण्याऐवजी मुलीचे शिक्षणच बंद करतात. आमच्याकडे हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

पायथन या भाषेसाठी अशा कामाला क्रिप्टोग्राफी नावाचीच एक लायब्ररी मिळते. लायब्ररी म्हणजे येथे वाचनालय नव्हे. जाणकारांनी लिहून, तपासून ठेवलेल्या आज्ञावलींचा संच. प्रकल्पापुरती वेगळी जागा करून घ्यायची आणि पिप इन्स्टॉल क्रिप्टोग्राफी असे तीन शब्द टंकायचे, की ती संगणकावर येते. जुन्या संगणकावर मात्र गाडी इथेच अडते. या लायब्ररीचा काही भाग २०२१ पासून रस्ट नावाच्या दुसऱ्या भाषेत लिहिलेला आहे. पिप जुने असले तर आयते बांधलेले गाठोडे त्याला ओळखता येत नाही. ते सगळे मुळापासून बांधायला बसते आणि रस्टचा कंपायलर सापडत नाही म्हणून लाल अक्षरांत लांबलचक तक्रार करते. अशा वेळी कंपायलर शोधत फिरू नये. आधी पिप नवे करून घ्यावे, बहुधा तेवढ्याने भागते. पुढच्या वर्षी हा प्रकल्प घेणाऱ्यांनी एवढे टिपून ठेवावे.

या लायब्ररीत दोन दालने आहेत. पहिल्यात फर्नेट नावाची तयार सोय आहे. एका आज्ञेने किल्ली तयार होते, दुसरीने मजकूर बंद होतो, तिसरीने उघडतो. आणि बंद मजकुरातले एक अक्षर जरी कोणी मध्ये बदलले तरी तो उघडत नाही. दुसऱ्या दालनाचे नाव हॅझमॅट, म्हणजे ज्या टँकरवर कवटी आणि हाडे रंगवतात तसला धोकादायक माल. तेथे कुलपाचे सुटे भाग मिळतात. त्यांतल्या एका पद्धतीच्या माहितीत मोठ्या अक्षरांत ताकीद आहे की एकाच किल्लीबरोबर तोच नॉन्स पुन्हा कधीही वापरू नये. नॉन्स म्हणजे एकदाच वापरायचा आकडा. गंमत अशी की हा आकडा गुप्त नसतो. तो चारचौघांनी पाहिला तरी चालतो, फक्त दुसऱ्यांदा आलेला चालत नाही.

आमच्या लोंढ्याच्या माणसाला हे समजणे अवघड नाही. एकेरी रुळावर पूर्वी गाडी सोडताना चालकाच्या हाती वेताच्या मोठ्या कड्याला बांधलेल्या पिशवीतून धातूचा गोळा देत असत. दोन स्टेशनांतील यंत्रे तारेने अशी जोडलेली असत की एका वेळी एकच गोळा बाहेर निघे. तो पुढच्या स्टेशनच्या यंत्रात पडेपर्यंत दुसरा निघत नसे. गोळा फलाटावरच्या पोरासोरांनी पाहिला म्हणून काही बिघडत नसे. पण एका वेळी दोन निघाले असते तर समोरासमोर टक्कर ठरलेली. रेल्वेत हे कारण डोळ्यांना दिसते. कूटलेखनात तोच आकडा दोनदा वापरला तर कसली टक्कर होते, हे शोधत गेल्यावर ट्यूरिंगच्या आयुष्यातली सहा वर्षे समोर आली.

योगायोग असा की ट्यूरिंगचे आजोळही रेल्वेवाल्यांचे. आईचे वडील एडवर्ड वॉलर स्टोनी हे मद्रास रेल्वेचे मुख्य अभियंता होते. तुंगभद्रेवरचा पूल त्यांच्या कामांपैकी एक, आणि हाताने ओढायच्या पंख्याचे आवाज न करणारे चाक हा त्यांचा स्वतःचा शोध. हीच मद्रास रेल्वे आणि लोंढ्यावरून जाणारी सदर्न मराठा रेल्वे या दोन्ही १९०८ साली एक झाल्या आणि मद्रास अँड सदर्न मराठा ही कंपनी जन्मली. आजोबांच्या पिढीच्या तोंडी एम. एस. एम. हेच नाव असे.

स्टोनी यांची मुलगी एथेल सारा १८८१ साली कोइमतूरजवळ पोदनूर येथे जन्मली. तिचे लग्न ज्युलियस ट्यूरिंग या आय. सी. एस. अधिकाऱ्याशी झाले. थोरला मुलगा जॉन कुन्नूरला जन्मला. धाकट्याच्या वेळी ज्युलियस यांची नेमणूक छत्रपूरला होती. हे गाव तेव्हा मद्रास इलाख्यात होते, आज ओडिशात आहे. आईबाप रजा घेऊन विलायतेस गेले आणि २३ जून १९१२ रोजी लंडनमध्ये ॲलनचा जन्म झाला. पुढे बाप नोकरीवर परतला, काही महिन्यांनी आईही गेली, आणि दोन्ही मुले समुद्रकाठच्या एका गावी निवृत्त कर्नलच्या घरी ठेवली गेली. साहेबांच्या घरची तेव्हाची रीतच तशी. आपल्याकडे साहेबाच्या बंगल्याविषयी पुष्कळ ऐकायला मिळते. त्या बंगल्यापायी आईबापांविना वाढलेल्या त्यांच्या मुलांविषयी कोणी बोलत नाही.

मुलगा आकड्यांत रमणारा, अक्षर गचाळ, कपड्यांचे भान नाही. १९२६ साली तेराव्या वर्षी शेरबोर्नच्या शाळेत दाखल व्हायचे होते, तर त्याच दिवसांत इंग्लंडात सार्वत्रिक संप होऊन गाड्या बंद पडल्या. हा साउदॅम्प्टनला बोटीतून उतरला आणि सायकलवर बसून साठ मैल गेला. वाटेत एक रात्र मुक्काम केला, पण शाळा गाठली. शाळेला मात्र त्याच्या गणिताचे कौतुक नव्हते. तेथे ग्रीक-लॅटिनची प्रतिष्ठा मोठी होती. या शाळेत त्याला क्रिस्टोफर मॉरकॉम नावाचा एकच जिवलग मित्र मिळाला. दोघे मिळून खगोलशास्त्र आणि रसायनाचे प्रयोग करीत. फेब्रुवारी १९३० मध्ये क्रिस्टोफर क्षयाच्या विकाराने गेला. लहानपणी क्षयाच्या जंतूंचे दूध पोटात गेल्याचा तो परिणाम होता. ॲलनच्या मनावरचा हा घाव पुसला गेला नाही. माणसाचे मन देहाशी नेमके कोठे जोडलेले असते, हा प्रश्न त्याने तेव्हापासून धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही.

१९३१ साली तो केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात गेला आणि १९३५ मध्ये तेथेच फेलो झाला. १९३६ चा त्याचा निबंध जगप्रसिद्ध आहे. गणितातले कोणतेही विधान सिद्ध होते की नाही हे ठरविण्याची एक ठाम रीत असू शकते का, असा प्रश्न हिल्बर्ट या जर्मन गणितीने विचारला होता. ट्यूरिंगने उत्तरासाठी एक काल्पनिक यंत्र कल्पिले. कागदाची लांब पट्टी, तिच्यावर चौकोन, यंत्र एका वेळी एक चौकोन वाचणार, खोडणार किंवा लिहिणार आणि पुढेमागे सरकणार. अशी रीत असू शकत नाही हे त्याने सिद्ध केले. पण जाता जाता आणखी मोठी गोष्ट सांगितली : इतर प्रत्येक यंत्राचे काम त्याचे वर्णन वाचून करील असे एकच यंत्र शक्य आहे. आपल्या प्रयोगशाळेतला संगणक आज यादी करतो, उद्या चित्र काढतो, तो याच विचाराने. अमेरिकेत चर्च यांनी त्याच सुमारास निराळ्या वाटेने तेच उत्तर काढले होते. ट्यूरिंग त्यांच्याकडे प्रिन्स्टनला गेला आणि १९३८ साली डॉक्टरेट घेऊन परतला.

१९३९ च्या सप्टेंबरात महायुद्ध सुरू झाले. ४ तारखेला ट्यूरिंग ब्लेचली पार्क या सरकारी कूटलेखन केंद्रावर हजर झाला. जर्मन सैन्याचे संदेश एनिग्मा यंत्रातून जात. यंत्र दिसायला टाइपरायटरसारखे. कळ दाबली की वीज तीन फिरत्या चाकांतून जाऊन एका स्थिर चाकावरून मागे वळे आणि दुसऱ्याच अक्षराचा दिवा लागे. प्रत्येक कळीसरशी चाक एक घर सरके, म्हणून तेच अक्षर पुन्हा दाबले तर दिवा निराळा. शिवाय पुढे तारांच्या दहा जोड्या. पाचांतून निवडलेली तीन चाके, त्यांचा क्रम, सुरुवातीची जागा आणि तारा हे सगळे धरून मांडण्यांची संख्या सुमारे १५९ वर अठरा शून्ये इतकी होते. एवढ्या मांडण्या तपासायला कोणाचे आयुष्य पुरणार? जर्मनांचा विश्वास या आकड्यावर होता.

हे कुलूप प्रथम उघडले ते पोलंडच्या तरुण गणितींनी. रेयेव्स्की, रुझित्स्की आणि झिगाल्स्की ही त्यांची नावे. १९३२ च्या अखेरीस रेयेव्स्कीने यंत्राची आतली जोडणी केवळ गणिताने आणि थोड्या चोरून मिळालेल्या कागदांच्या आधारे शोधली. त्यांचे सगळे यश एका गोष्टीवर उभे होते. जर्मन तारायंत्री त्या संदेशापुरती किल्ली चूक होऊ नये म्हणून सुरुवातीला दोनदा पाठवीत. सावधगिरीसाठी केलेली ही पुनरुक्तीच पोलंडच्या कामी आली. जुलै १९३९ मध्ये वॉर्साजवळ त्यांनी आपली सगळी विद्या इंग्रज आणि फ्रेंचांच्या हवाली केली. पुष्कळ लेखांतून पोलंडचा उल्लेख गाळलेला असतो, तो अन्याय आहे.

ट्यूरिंगचे शहाणपण असे की ही दोनदा पाठवण्याची सवय जर्मन एक दिवस सोडतील हे त्याने आधीच गृहीत धरले. त्यांनी ती १९४० च्या मे महिन्यात बहुतेक ठिकाणी सोडलीही. त्याने दुसरी पुनरुक्ती शोधली, ती माणसाच्या बोलण्यातली. रोज ठरल्या वेळी हवामानाचा संदेश जाणार आणि त्यात हवामान हा शब्द असणारच. सेनापतीचे नाव, हुद्दा, नमस्कार-चमत्कार ठरलेले. एनिग्मात एक उणीव होती. वीज मागे वळवणाऱ्या चाकामुळे कोणतेही अक्षर स्वतःच्याच रूपात कधी बाहेर पडत नसे. मग असा अपेक्षित शब्द कूट मजकुराखाली धरून सरकवत न्यायचा. जेथे वरखाली एकच अक्षर येईल ती जागा बाद. उरलेल्या जागी तर्काची साखळी जुळवायची, आणि ती साखळी ज्या मांडण्यांत तुटते त्या सगळ्या यंत्राने धडाधड बाद करायच्या. या यंत्राचे नाव बॉम्ब. पहिले मार्च १९४० मध्ये आले. गॉर्डन वेल्चमन या सहकाऱ्याने त्यात मोलाची सुधारणा केली, आणि युद्ध संपेपर्यंत इंग्लंडात अशी दोनशेच्या वर यंत्रे झाली. ती चालविणाऱ्या बहुतेक तरुण मुली होत्या. तिन्ही पाळ्यांत उभ्याने काम, आणि आपण काय करतो हे घरीसुद्धा सांगायचे नाही.

सगळ्यांत कठीण होती ती जर्मन नौदलाची एनिग्मा. पाचांऐवजी आठ चाके आणि किल्ली कळविण्याची पद्धत जास्त गुंतागुंतीची. ही कोणी हाती घेईना, म्हणूनच ट्यूरिंगने घेतली; निवांतपणे एकट्याने काम करता येईल हा त्यात हिशेब. १९३९ संपता संपता त्याने किल्ली कळविण्याची पद्धत शोधून काढली. पुढे बॅनबरी गावी छापलेल्या लांब कागदपट्ट्यांवर प्रत्येक संदेशाची अक्षरे भोके पाडून उतरवायची, दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवून सरकवायच्या आणि किती भोके एकावर एक येतात ते मोजायचे, अशी रीत त्याने बसविली. दोन संदेश यंत्राच्या एकाच स्थितीत लिहिले गेले असतील तर सुमारे सतरांत एक अक्षर जुळते. तसे नसेल तर सव्विसांत एक. सतरा आणि सव्वीस यांतला हा फरक केवढासा! पण तो मोजण्यासाठी त्याने संभाव्यतेचे नवे माप तयार केले, आणि एवढ्याशा फरकावर अटलांटिकमधल्या जहाजांचे भवितव्य टांगलेले होते. इंग्लंडचे धान्य आणि तेल या जहाजांतून येई, आणि पाणबुड्या ती बुडवीत. जर्मन हवामान-जहाजांवरून आणि एका पाणबुडीवरून हस्तगत केलेल्या कागदांच्या साहाय्याने १९४१ च्या मध्यापासून नौदलाचे संदेश नियमित वाचले जाऊ लागले.

१९४२ च्या फेब्रुवारीत पाणबुड्यांनी चौथे चाक घातले आणि दहा महिने अंधार पसरला. तो सरला त्याचे कारणही पाहण्यासारखे आहे. हवामानाच्या छोट्या संदेशांसाठी पाणबुड्या चौथे चाक न सरकवता ठेवीत, म्हणजे यंत्र पुन्हा तीन चाकांचेच होई. त्या हवामान-संकेतांची पुस्तिका बुडत्या पाणबुडीतून बाहेर काढताना फॅसन आणि ग्रेझिअर हे दोन इंग्रज खलाशी आत अडकून बुडाले. कुलूप गणिताने उघडते हे खरे, पण अशी माणसेही त्यात खर्ची पडली.

या युद्धाची एक झळ आपल्या उंबऱ्यापर्यंत आली होती. लोंढ्याहून कॅसलरॉकमार्गे घाट उतरून जाणारी गाडी मुरगाव बंदराला पोचते. तेथे तटस्थ पोर्तुगिजांच्या आश्रयाला एहरेनफेल्स आणि आणखी काही जर्मन जहाजे नांगर टाकून होती. त्यांतून बिनतारी यंत्रावरून पाणबुड्यांना जहाजांची माहिती जाते असा इंग्रजांचा संशय होता. ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्त्याच्या हौशी घोडदळातल्या पोक्त मंडळींनी एका बार्जमधून येऊन एहरेनफेल्सवर छापा घातला. जर्मन खलाशांनी आपली जहाजे स्वतःच बुडविली. ट्यूरिंगचा या प्रकरणाशी काही संबंध नाही, तो तेव्हा सरकारी कामासाठी अमेरिकेत होता. पण पाणबुडीला जाणारा एकेक संदेश किती महत्त्वाचा मानला जाई ते यावरून कळावे.

आता आमच्या नॉन्सकडे वळतो. जर्मन सेनापतींचे वरिष्ठ संदेश एनिग्मातून न जाता लॉरेन्झ नावाच्या दुसऱ्या यंत्रातून जात. ते यंत्र मजकुरातल्या प्रत्येक अक्षरात एक गुप्त अक्षर मिळवी. ३० ऑगस्ट १९४१ रोजी अथेन्सहून व्हिएन्नाला सुमारे चार हजार अक्षरांचा संदेश गेला. तो नीट मिळाला नाही, पुन्हा पाठवा, असे उत्तर आले. तारायंत्र्याने यंत्र पुन्हा त्याच स्थितीत आणले आणि तोच संदेश दुसऱ्यांदा टंकला. कंटाळून त्याने काही शब्द तोडके केले. झाले! दोन्ही संदेश इंग्रजांनी टिपले होते. यात काय बिघडले ते साध्या बेरजेने पाहा. पहिल्या संदेशातले अक्षर ४, गुप्त आकडा ९, बेरीज १३. दुसऱ्यातले अक्षर ६, गुप्त आकडा तोच ९, बेरीज १५. पंधरातून तेरा वजा करा, दोन उरतात. म्हणजे सहा वजा चार. गुप्त आकडा पार निघून गेला आणि दोन मजकुरांमधला उघडा फरक हाती आला. गुप्त आकडा नऊ असो की नव्वद, फरक दोनच. टिल्टमन या अधिकाऱ्याने या फरकातून दोन्ही मजकूर सोडवले, बिल टट या तरुणाने त्यातून न पाहिलेल्या यंत्राची आतली रचना मांडली, आणि १९४२ मध्ये ट्यूरिंगने त्या यंत्राच्या चाकांची मांडणी काढण्याची हातची रीत दिली. पुढे या कामासाठी टॉमी फ्लॉवर्स या टेलिफोन खात्यातल्या अभियंत्याने कोलोसस हे इलेक्ट्रॉनिक यंत्र बांधले. ते ट्यूरिंगने बांधले असे छापलेले आढळते, ते बरोबर नाही.

आजच्या लायब्ररीतली ए. ई. एस.-जी. सी. एम. ही पद्धतही मुळात अशीच मिळवणी करते. किल्ली आणि नॉन्स यांतून गुप्त अक्षरांची माळ तयार होते आणि ती मजकुरात मिसळली जाते. किल्ली तीच, नॉन्सही तोच, तर माळ तीच. अथेन्सच्या त्या तारायंत्र्याचे कृत्य पुन्हा घडले. आमच्या यादीत दोन मुलींचे क्रमांक एकाच नॉन्सने बंद केले असते आणि त्यांतला एक कोणाला ठाऊक असता, तर दुसरा वजाबाकीने निघाला असता. संगणकाची ताकद, किल्लीची लांबी, काहीच आडवे आले नसते. म्हणून आम्ही फर्नेट घेतले. दर वेळी लागणारा नवा आकडा ते स्वतःच काढते, माणसाच्या आठवणीवर सोडत नाही.

ब्लेचलीतला ट्यूरिंग विक्षिप्त म्हणून ओळखला जाई. परागांची ॲलर्जी म्हणून विषारी वायूचा मुखवटा चढवून सायकल चालवी. सायकलची साखळी ठरावीक फेऱ्यांनंतर निसटते हे त्याने मोजून काढले होते. तेवढ्या फेऱ्या झाल्या की उतरून ती सारखी करी, दुरुस्तीला मात्र देत नसे. चहाचा मग चोरीला जाऊ नये म्हणून साखळीने बांधून ठेवी. पण माणूस लेचापेचा नव्हता. हाताखाली माणसे पुरत नव्हती तेव्हा ऑक्टोबर १९४१ मध्ये त्याने आणि तीन सहकाऱ्यांनी सगळे वरिष्ठ ओलांडून थेट चर्चिलला पत्र लिहिले, आणि माणसे मिळाली. जोन क्लार्क ही गणितात त्याच्या तोडीची सहकारी. बाई म्हणून पगार कमी, तो वाढविण्यासाठी कागदोपत्री तिला भाषातज्ज्ञ दाखवावे लागले, जरी तिला परकी भाषा एकही येत नव्हती! १९४१ मध्ये दोघांचे लग्न ठरले. आपला ओढा पुरुषांकडे आहे हे त्याने तिला लपवून न ठेवता सांगितले, आणि पुढे तिला फसवायचे नाही म्हणून लग्न मोडले. दोघांची मैत्री टिकली.

चांदीची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १९४० मध्ये इंग्लंड पडले तर पैसा बुडेल म्हणून त्याने सुमारे २५० पौंडांच्या चांदीच्या लगडी विकत घेतल्या, जुन्या बाबागाडीत घालून ब्लेचलीजवळच्या रानात नेल्या आणि पुरल्या. जागेच्या खुणा कूटलेखनात लिहून ठेवल्या. युद्धानंतर शोधायला गेला तर खुणाच बदललेल्या. मित्राला घेऊन, धातू शोधण्याचे यंत्र घेऊन पुन्हापुन्हा गेला. चांदी मिळाली नाही, ती अजून तेथेच कोठेतरी असेल. फर्नेटच्या किल्लीचेही असेच आहे. ती हरवली तर यादी बनविणाऱ्यालासुद्धा यादी उघडत नाही. वरिष्ठांकडे अर्ज करून उपयोग नाही. किल्लीला आमचे कन्नड मित्र कीलिकै म्हणतात, आणि कै म्हणजे हात. किल्ली कोणाच्या हाती राहणार हा प्रश्न आमच्या गटात कुलपापेक्षा जास्त दिवस चालला. शेवटी यादी एका संगणकावर आणि किल्ली कार्यालयाच्या कपाटात मोहोरबंद पाकिटात असे ठरले.

युद्धानंतर ट्यूरिंगने राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत संगणकाचा पूर्ण आराखडा मांडला. धावण्याचा नाद इतका की १९४७ साली त्याने मॅरेथॉन २ तास ४६ मिनिटांत पुरी केली. १९४८ मध्ये तो मँचेस्टरला गेला. यंत्राला विचार करता येईल का, यावरचा त्याचा निबंध १९५० चा, रॉयल सोसायटीची फेलोशिप १९५१ ची, आणि प्राण्यांच्या अंगावरचे पट्टे-ठिपके रसायनांच्या पसरण्यातून कसे उमटत असतील हे सांगणारा निबंध १९५२ चा.

त्याच वर्षी घर फुटले. चोरी झाली तेव्हा कोणीही करील तसे ट्यूरिंगने पोलिसांना कळविले. तपासात एका तरुणाशी त्याचे संबंध असल्याचे उघड झाले, आणि त्याने ते नाकारले नाही. इंग्लंडात तेव्हा १८८५ च्या कायद्याने हा गुन्हा होता. फिर्यादी आरोपी झाला. तुरुंग किंवा औषधोपचार, असे दोन पर्याय होते. त्याने दुसरा घेतला आणि वर्षभर त्याच्या शरीरात स्त्रीसंप्रेरके घालण्यात आली. कूटलेखनाच्या सरकारी कामातून त्याला काढून टाकले. न्यायालयात त्याच्या बाजूने सांगण्यासारखी सगळ्यांत मोठी गोष्ट गुपित होती, आणि ती गुप्त ठेवण्याची शपथ त्याने मोडली नाही. ७ जून १९५४ रोजी सायनाइडने त्याचा अंत झाला. बिछान्याजवळ अर्धे खाल्लेले सफरचंद होते. चौकशीत आत्महत्या असा निर्णय झाला. प्रयोगाच्या रसायनांत झालेला अपघात, असे आई शेवटपर्यंत म्हणत राहिली. वय ४१.

तो कायदा इंग्लंडात १९६७ साली सैल झाला. इंग्रजांनी आपल्याला दिलेले ३७७ कलम आपल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केले. ब्रिटनच्या पंतप्रधानांनी २००९ मध्ये ट्यूरिंगबद्दल माफी मागितली, २०१३ मध्ये राणीकडून क्षमा आली आणि २०२१ मध्ये पन्नास पौंडांच्या नोटेवर त्याचे चित्र आले. क्षमा कोणी कोणाला करायची, हा प्रश्न मला पडतो.

पोदनूरला जन्मलेल्या त्याच्या आईने १९५९ साली मुलाचे चरित्र लिहून प्रसिद्ध केले. युद्धातल्या सहा वर्षांबद्दल त्यात जवळजवळ काही नाही, कारण तिलाही ते ठाऊक नव्हते. ब्लेचलीची हकीकत इंग्लंडात जाहीर होऊ लागली ती १९७४ पासून. १९७६ मध्ये आई वारली. ट्यूरिंगने युद्धकाळात लिहिलेले कूटलेखनाचे दोन निबंध आणखी कितीतरी वर्षे बंदच होते. ते २०१२ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ठेवण्यात आले. टंकलेले कागद, मधूनमधून हाताने लिहिलेली चिन्हे. त्यांतला एक संभाव्यतेवर आहे, आणि दुसऱ्याचा विषय आहे पुनरुक्तींचे संख्याशास्त्र.